पाहिलेले सांगताना : जीवशास्त्र, विद्यार्थी आणि श्रोते

विज्ञान प्रदर्शनात तक्त्याशेजारी उभा राहून आपला प्रकल्प समजावून सांगणारा विद्यार्थी, हे भारतातील बहुतेक शाळांमधले आता परिचित दृश्य आहे. ते इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे काही इतिहास असेल, असा विचारही सहसा मनात येत नाही. प्रकल्प म्हणजे खरे काम आणि सादरीकरण म्हणजे त्यावरची सजावट, अशी एक समजूतही त्याबरोबर रूढ झाली आहे. गेल्या सव्वाशे वर्षांतील काही घटना क्रमाने पाहिल्या, तर ही समजूत टिकत नाही. आपण जे पाहिले ते त्या विषयाची माहिती नसलेल्या माणसाला सांगता येणे, ही त्या पाहण्याचीच परीक्षा असते, असे या घटनांतून पुन्हा पुन्हा दिसून येते.

जीवशास्त्राच्या बाबतीत ही परीक्षा अधिक कठीण असते. लंबकाचा किंवा चुंबकाचा प्रयोग श्रोत्यांसमोर तिथल्या तिथे करून दाखवता येतो. सजीवांचे तसे नाही. बी रुजायला दिवस लागतात, सुरवंटाचा कोष होण्याची घटका सांगून येत नाही, आणि झाडाचा बहर पाहायचा तर वर्षभर थांबावे लागते. श्रोत्यासमोर येतात त्या केवळ नोंदी, आकृत्या आणि सांगणाऱ्याचे शब्द. तेव्हा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्यावाचून श्रोत्याला गत्यंतर नसते, आणि म्हणूनच सांगणाऱ्याची जबाबदारी वाढते.

देशी शाळेतून व्यासपीठापर्यंत

भारतात जीवशास्त्रीय संशोधन सर्वसामान्य श्रोत्यांपुढे मांडण्याचा आधुनिक इतिहास जगदीशचंद्र बोस यांच्यापासून सांगावा लागतो. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते आणि मुलाला इंग्रजी शाळेत घालणे त्यांना सहज शक्य होते. इंग्रजी शाळा हीच प्रतिष्ठेची मानली जाऊ लागली होती, असा तो काळ. तरीही त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. मुलाला आपली भाषा आणि आपली माणसे आधी कळावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्या शाळेत जगदीशचंद्रांच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान सेवकाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा मुलगा. त्यांच्याकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टींनीच बहुधा आपल्या मनात निसर्गाच्या व्यापारांविषयी कुतूहल निर्माण केले, असे बोसांनी पुढे एका भाषणात सांगितले आहे. कोळ्याच्या मुलाने आपल्या बोलीत सांगितलेली माशांची गोष्ट हा बोसांच्या जीवशास्त्राचा पहिला पाठ होता, असे म्हणायला हरकत नाही.

१० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोसांनी शुक्रवारचे सायंव्याख्यान दिले. आघात झाला असता वनस्पती, प्राणी आणि धातूसुद्धा कसा विद्युत्प्रतिसाद देतात, हे त्यांनी तेथे आलेखांच्या साहाय्याने मांडले. पुढे त्यांनी वनस्पतीची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ तयार केला. एरवी डोळ्यांना न दिसणारी रोपट्याची वाढ त्यामुळे सभागृहातील श्रोत्यांना पाहता येऊ लागली. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्याला आपली संशोधनसंस्था स्थापन केली, तेव्हा प्रयोगशाळेबरोबर एक प्रशस्त व्याख्यानगृहही उभारले. नवे शोध प्रथम तेथे, लोकांसमोर मांडले जावेत, अशी त्यामागची कल्पना होती. स्वतः बोसांनी बंगालीत विज्ञानविषयक निबंध लिहिले. ‘अव्यक्त’ हा त्यांचा संग्रह १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या यशोगाथेला दुसरीही बाजू आहे आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती अधिक शिकवणारी आहे. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये श्रोते प्रभावित झाले. परंतु त्याच वर्षी रॉयल सोसायटीपुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी त्यांना आक्षेप घेतला. त्यांचा रोख प्रयोगांपेक्षा शब्दांवर होता. सजीवांच्या संदर्भात वापरला जाणारा ‘प्रतिसाद’ हा शब्द धातूला आणि वनस्पतीला लावावा काय, असा तो प्रश्न होता. बोसांनी शब्द बदलण्यास नकार दिला. वनस्पतींमध्ये विद्युत्संकेत वाहतात, हे त्यांचे निरीक्षण काळाच्या कसोटीवर उतरले. मात्र त्या संकेतांचे वर्णन प्राण्यांच्या मज्जासंस्थेच्या भाषेत करावे की नाही, हा वाद वनस्पतिशास्त्रज्ञांत आजही मिटलेला नाही. ‘झाडांना भावना असतात, हे बोसांनी सिद्ध केले’ असे वाक्य शालेय भाषणांतून अद्याप ऐकू येते. एका काटेकोर प्रयोगाचे लोकांपर्यंत पोहोचताना काय होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे. काय पाहिले आणि त्यावरून काय वाटले, यांतील सीमारेषा सांगताना पुसली गेली की श्रोता ‘वाटले’ तेवढेच घरी घेऊन जातो.

तबेल्यातील चिमण्या

ही सीमारेषा एका शाळकरी मुलाने किती नेटकेपणाने सांभाळली, याचा दाखला मुंबईच्या इतिहासात आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांचे बालपण गिरगावातील खेतवाडीत गेले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी तबेल्यात घरटे केलेल्या चिमण्यांविषयी एक टिपण लिहून ठेवले होते. मादी घरट्यात आणि नर बाहेर राखण करीत बसलेला. मुलाच्या हाती छऱ्याची बंदूक. त्याने नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर जोडीला आणला. सात दिवसांत असे आठ नर मारले गेले आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळत गेला. पाखरांची ही शिकार आज कोणालाही रुचणार नाही, आणि पुढे आयुष्यभर पक्षिरक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या सालीम अलींनीही तिचे समर्थन केले नसते. परंतु टिपणात मुलाने दिवस मोजले, नर मोजले, घरट्याची जागा लिहिली आणि जे दिसले तेवढेच सांगितले. सुमारे साठ वर्षांनी ते टिपण पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत जवळजवळ जसेच्या तसे छापले गेले. दहा वर्षांच्या मुलाच्या लेखणीत इतक्या वर्षांनंतरही दुरुस्त करण्याजोगे फारसे काही सापडले नाही.

१९०८ च्या सुमारास याच मुलाच्या हाती गळ्यावर पिवळा डाग असलेली एक वेगळी चिमणी लागली. तिची ओळख पटवण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था तेव्हाही नावाजलेली होती. तिचे सचिव मिलार्ड यांनी मुलाला परत पाठवले नाही. चिमणी कोणत्या जातीची ते सांगितले, कपाटांतील पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि नमुने टिकवण्याची रीतही शिकवण्याची व्यवस्था केली. मुलाच्या सांगण्याला ऐकणारा माणूस मिळाला. विद्यार्थ्याच्या संशोधनाचा इतिहास लिहिताना सांगणाऱ्याइतकीच या ऐकणाऱ्याची नोंद घ्यावी लागते.

मराठीतील प्रवाह

मराठीत विज्ञान सांगण्याची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये सुरू केलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकात इतिहास-भूगोलाबरोबर शास्त्रीय विषयांनाही स्थान होते. १९२८ मध्ये पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ हे विज्ञानाला वाहिलेले मासिक निघाले आणि अनेक पिढ्यांच्या वाचकांनी ते वाचले. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या शाखा महाराष्ट्राच्या सीमेबाहेरही निघाल्या आणि परप्रांतांत वाढणाऱ्या मराठी मुलांनाही आपल्या भाषेतील विज्ञानाशी नाते राखता आले.

प्रयोगशाळेतील जीवशास्त्र घराघरात नेणाऱ्या व्यक्तींमध्ये कमला सोहोनी यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. त्यांचा जन्म १९११ मध्ये इंदूरचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून नाकारलेला प्रवेश त्यांनी झगडून मिळवला, आणि केंब्रिजहून जीवरसायनशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन त्या १९३९ मध्ये परतल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांसह केलेले काम नीरा, डाळी अशा सामान्य भारतीयांच्या आहारातील पदार्थांच्या पोषणमूल्यांविषयीचे होते. उत्तरायुष्यात त्या ग्राहक चळवळीत उतरल्या आणि अन्नातील भेसळ ओळखण्याविषयी लोकांसाठी लिहू लागल्या. विद्यार्थ्यांनी परीक्षानळीत जे तपासले, त्याचा अर्थ स्वयंपाकघरातल्या गृहिणीला कळला पाहिजे, ही दृष्टी त्यांच्या साऱ्या कार्यात दिसते.

मराठीत सांगणे म्हणजे आपोआप सोपे सांगणे होय, असा गैरसमज मात्र असू नये. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याचे संस्थापक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी माध्यमातील मुलांसमवेत काम करताना एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. पाठ्यपुस्तकातील जड, संस्कृतप्रचुर मराठी हीच अनेक मुलांच्या मार्गातील धोंड ठरत होती. भाषा सोपी केली की तोच आशय मुलांना अधिक चांगला समजत असे. मातृभाषेतील शाळेनेही मुलाच्या घरच्या भाषेपासून दूर जाऊ नये, हा धडा या कामातून मिळाला. ‘परागीभवन’ हा शब्द अचूक आहे आणि तो शिकवलाच पाहिजे. परंतु भोपळ्याच्या वेलावर भुंगा काय करतो हे ज्या मुलाने पाहिले आहे, त्याला ते आधी आपल्या शब्दांत सांगू द्यावे आणि पारिभाषिक शब्द मागाहून द्यावा, हा क्रम उलटा होऊ नये.

होशंगाबादचा वर्ग

पाहणे आणि सांगणे यांची सांगड शाळेच्या रोजच्या तासात घालण्याचा मोठा प्रयोग मध्य प्रदेशात झाला. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत, रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीची किशोर भारती या दोन संस्थांच्या पुढाकाराने विज्ञान शिक्षणाचा नवा कार्यक्रम सुरू झाला. नेहमीच्या पाठ्यपुस्तकाऐवजी ‘बाल वैज्ञानिक’ नावाची कार्यपुस्तिका आली. मुले चौघाचौघांच्या गटांत प्रयोग करीत, प्राण्यांची जीवनचक्रे पाहत, शेतांत आणि ओढ्याकाठी जाऊन फुले, पाने, बिया तपासत. गटांची निरीक्षणे फळ्यावर एकत्र मांडली जात आणि ती जुळली नाहीत, तर का जुळली नाहीत यावर वर्गात चर्चा होई. म्हणजे प्रत्येक गटाचे पहिले श्रोते दुसऱ्या गटातील मुले असत. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्यास परवानगी होती, कारण तपासायचे होते ते पाठांतर नव्हते.

या कार्यक्रमातील ‘सवालीराम’ हे कल्पित पात्र विशेष लोकप्रिय झाले. मुले त्याला पत्राने प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तरे मिळत. १९७८ मध्ये कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात पोहोचला, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे इतर जिल्ह्यांतही नेला, आणि २००२ मध्ये तो बंद करण्यात आला. तीस वर्षांचा हा उपक्रम थांबला ही हानी खरी. तथापि खेड्यातील सरकारी शाळेतली मुले आपल्या भाषेत शास्त्रीय पुराव्यानिशी वाद घालू शकतात, हे त्याने दाखवून दिले.

राष्ट्रीय व्यासपीठ

१९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद देशपातळीवर भरू लागली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी एका मध्यवर्ती विषयाशी निगडित असा आपल्या परिसरातील प्रश्न निवडायचा, मार्गदर्शकाच्या साहाय्याने त्याचा अभ्यास करायचा, नोंदवही ठेवायची आणि निष्कर्ष जिल्हा, राज्य व राष्ट्रीय स्तरांवर मांडायचे, अशी तिची रचना. शाळेबाहेरच्या मुलांनाही तिचे दार खुले राहिले. २००६ आणि २००७ या दोन वर्षांसाठी जैवविविधता हा विषय होता. अशा विषयासाठी महागडी साधने लागत नाहीत. गावच्या तळ्याकाठचे पक्षी, देवराईतील झाडे, आजीला ठाऊक असलेल्या रानभाज्या, हे सारे अभ्यासाचे साहित्य होऊ शकते.

या परिषदेची सर्वांत मोलाची बाब म्हणजे भाषेची मोकळीक. मुलाने आपला अभ्यास भारतीय भाषेत मांडावा, त्यासाठी इंग्रजीची अट नाही, हे तत्त्व तिने सुरुवातीपासून पाळले. मणिपुरी, तमिळ, मराठी, आसामी बोलणारी मुले एकाच सभागृहात आपापली निरीक्षणे सांगतात, तेव्हा चित्रे, तक्ते आणि आकडे यांवर अधिक भार पडतो आणि मांडणी आपोआप सुटसुटीत होते. महाराष्ट्रातही विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ पासून चालवलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेबरोबर विद्यार्थ्याच्या कृतिप्रकल्पाला जागा दिली गेली.

इंग्लंडमधील एक निबंध

मुलांच्या भाषेतील संशोधन किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातून मिळते. तेथील ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेतील आठ ते दहा वर्षांच्या २५ मुलांनी केसाळ जातीच्या मोठ्या मधमाश्यांवर एक प्रयोग केला. रंगीत वर्तुळांच्या मांडणीत काही ठिकाणी साखरेचे पाणी आणि काही ठिकाणी मिठाचे पाणी ठेवून, माशी केवळ रंग लक्षात ठेवते की त्या रंगाची आजूबाजूच्या रंगांमधील जागाही ओळखते, हे त्यांनी तपासले. माश्या दोन्हींचा मेळ घालू शकतात, असे त्यांना आढळले. डिसेंबर २०१० मध्ये हा निबंध ‘बायॉलॉजी लेटर्स’ या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील शब्द मुलांचे होते, आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या, आणि प्रारंभ परीकथेसारखा होता. पूर्वीच्या संशोधनाचे संदर्भ त्यात नव्हते, कारण तसले लिखाण मुलांना वाचण्याजोगे नव्हते. संपादकांनी मुलांचा मजकूर प्रौढांच्या साच्यात बसवला नाही. या क्षेत्रातील तज्ज्ञांचे भाष्य त्यासोबत स्वतंत्रपणे छापले. ज्या रॉयल सोसायटीपुढे १९०१ मध्ये एका शब्दावरून बोसांची अडवणूक झाली, तिच्याच नियतकालिकाने शतकानंतर मुलांचे शब्द जसेच्या तसे स्वीकारले, हा योगायोग लक्षणीय आहे. मुलांचा प्रश्न खरा होता आणि प्रयोगाची रीत चोख होती, म्हणून भाषेचा साधेपणा आड आला नाही.

आज पणाला लागलेले

या साऱ्या इतिहासाच्या उजेडात आजची प्रदर्शने पाहिली, तर चिंता वाटावी असे काही दिसते. बाजारात तयार प्रतिकृती मिळतात. तक्ते संगणकावर सुबक छापून येतात. अनेक प्रकल्पांचे लेखन घरातील मोठी माणसे करतात आणि मुलाच्या वाट्याला ते पाठ म्हणून दाखवणे येते. परीक्षकाने पाठांतराबाहेरचा एक प्रश्न विचारला की मूल गोंधळते. दोष मुलाचा नसतो. त्याला जे पाहायला मिळायला हवे होते, ते कोणी तरी त्याच्यासाठी आधीच पाहून टाकलेले असते. कुंडीतल्या बारापैकी पाच बिया रुजल्या नाहीत, हे सांगण्याची लाज वाटून बाराही रुजल्याचे लिहिले जाते, तेव्हा नुकसान केवळ एका प्रकल्पाचे होत नाही. न रुजलेल्या पाच बियांमध्येच पुढचा प्रश्न दडलेला असतो आणि तो प्रश्न कायमचा हरवतो.

भाषेचीही अशीच अडचण आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने प्रकल्प इंग्रजीत मांडावा, म्हणजे तो वजनदार वाटेल, ही भावना पालकांत बळावत आहे. इंग्रजी शिकणे आवश्यकच आहे. परंतु कोळ्याच्या मुलाकडून बंगालीत माशांच्या गोष्टी ऐकलेल्या मुलाने पुढे लंडनच्या व्यासपीठावर इंग्रजीत व्याख्यान दिले, हा क्रम विसरून चालणार नाही. पाहिलेल्या वस्तूला आपल्या भाषेत नाव देता आले की ती दुसऱ्या भाषेत नेता येते. ज्याला ती मुळातच उमगलेली नाही, त्याला परक्या भाषेतील शब्द फक्त झाकण म्हणून उपयोगी पडतात.

पालकांच्या हाती यासंबंधी बरेच काही आहे. प्रदर्शनात मुलाला ‘क्रमांक आला का?’ हे विचारण्याआधी ‘तू स्वतः काय पाहिलेस?’ असे विचारता येईल. ‘अपेक्षेप्रमाणे काय घडले नाही?’ हा त्यापुढचा प्रश्न. मिलार्डने एका मुलाच्या हातातील चिमणीकडे लक्ष दिले. प्रत्येक घरात आणि शाळेत असा एक ऐकणारा माणूस असणे अशक्य नाही.

शाळेला करता येण्याजोगी गोष्ट त्याहून साधी आहे. प्रदर्शन संपले की तक्ते माळ्यावर जातात आणि नोंदवह्या रद्दीत. त्या नोंदवह्या ग्रंथालयात राखल्या जाव्यात. २०१० पासून चालू असलेल्या ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशातील, विशेषतः केरळातील, शाळकरी मुले ठरावीक झाडांना पालवी, कळ्या आणि फळे केव्हा येतात, याच्या नियमित नोंदी ठेवतात. ऋतुमान बदलत असताना अशा नोंदींचे मोल वर्षागणिक वाढत जाते. शाळेच्या आवारातील आंबा, बहावा किंवा गुलमोहर केव्हा फुलला, याच्या साठ वर्षांच्या नोंदी आज हाती असत्या, तर त्या एखाद्या संशोधकाला उपयोगी पडल्या असत्या. त्या नाहीत. पुढच्या साठ वर्षांच्या नोंदींचे पहिले पान मात्र या वर्षीच्या इयत्ता पाचवीतील मुलांना लिहिता येईल, तारीख घालून, आणि आपल्याला दिसले तेवढेच.